शंभर मण्यांची माळ

मार्ग सापडणे आणि मार्ग मोजणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. डोंगरातील मेंढपाळ, मिठाचे तांडे नेणारा व्यापारी किंवा यात्रेस निघालेला भाविक यांना वाट ठाऊक असते. परंतु ती त्यांच्या पायांना ठाऊक असते, कागदाला नव्हे. कोणत्या खिंडीनंतर पाणी मिळते, कोणता ओढा दुपारनंतर फुगतो, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाते आणि पुष्कळदा त्या घराबरोबरच संपते. ज्याने तो प्रदेश कधीही पाहिलेला नाही, अशा परक्याच्या हाती ती वाट द्यावयाची असेल, तर दिशा, अंतर, उंची आणि स्थान या चार गोष्टी आकड्यांत उतराव्या लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिमालयापलीकडील तिबेटच्या निर्जन पठारावर हे काम ज्यांनी केले, ते कोणी सेनापती नव्हते की विलायतेतील शास्त्रज्ञही नव्हते. त्यांत एक गावातील शाळामास्तर होता, त्याच्या घराण्यातील एक-दोन माणसे होती, आणि एकजण तर पूर्णतः निरक्षर होता. इतिहासात हे सर्व ‘पंडित’ या एकाच नावाने ओळखले जातात.

त्या काळी हिंदुस्थानची मोजणी कोठवर आली होती, हे प्रथम पाहिले पाहिजे. कर्नल विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. एका त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा त्रिकोण उभारीत ही साखळी दक्षिणेकडून उत्तरेस सरकत गेली. ती विदर्भातून जात असतानाच १८२३ मध्ये लॅम्ब्टन यांचे हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट व त्यांच्यानंतरच्या अधिकाऱ्यांनी ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली आणि मैदानातील निरीक्षणांवरून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, जगातील सर्वोच्च शिखराची उंची गणिताने काढली. त्या गणितकामात राधानाथ सिकदार यांचा वाटा किती मोठा होता, हे आता सर्वश्रुत आहे.

एवढे झाले, तरी हिमालयाच्या पलीकडे नकाशा कोराच होता. अवजड थिओडोलाइट, तो वाहून नेणारे मजूर, निशाणे, टेकडीवर बांधलेले मनोरे, हा सारा सरंजाम घेऊन तिबेटात शिरणे अशक्य होते. चीनच्या बादशहाच्या हुकमाने परकीयांस तेथे मज्जाव होता आणि हुकूम मोडणाऱ्याच्या मानेवर तरवार होती. मध्य आशियात तर १८५७ मध्ये काशगर येथे अडॉल्फ श्लागिन्टवाइट या जर्मन संशोधकाचा शिरच्छेद झाला होता. तेव्हा गोऱ्या कातडीच्या माणसाने जाणे म्हणजे जिवावर उदार होणेच होते. तथापि सीमेवरचे व्यापारी आणि यात्रेकरू मात्र बिनबोभाट ये-जा करीत.

हीच गोष्ट कॅप्टन थॉमस जॉर्ज माँटगोमेरी यांच्या नजरेस पडली. काश्मीरची मोजणी करणारे, आणि ज्या शिखरास आज आपण ‘के टू’ म्हणतो त्याला ते नाव देणारे हेच गृहस्थ. त्यांनी विचार केला, की जो व्यापारी जाऊच शकतो, त्यालाच मोजणी का शिकवू नये? पहिला प्रयोग १८६३ मध्ये झाला. अब्दुल हमीद नावाच्या मुनशीस लडाखमार्गे यारकंदला पाठविण्यात आले. त्याने काम पुरे केले, परंतु परतीच्या वाटेवर त्यास मृत्यूने गाठले. त्याच्या टिपणवह्या मात्र हाती आल्या आणि त्यांवरून यारकंदचे स्थान नकाशावर मांडता आले. माणूस गेला, पण हिशेब पोचला. हा प्रयोग यशस्वी म्हणावा की अयशस्वी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तिबेटसाठी माणसे निवडली गेली ती कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातून. नंदादेवीच्या पूर्वेस, बर्फाच्या कुशीत वसलेले मिलम हे गाव आज उत्तराखंडाच्या पिथोरागढ जिल्ह्यात येते. तेथील भोटिया, अर्थात शौका, समाजाचा पिढीजात धंदा तिबेटशी व्यापार करण्याचा होता. धान्य, गूळ व कापड घेऊन खिंड ओलांडायची आणि लोकर, मीठ व टाकणखार घेऊन परतायचे. त्यामुळे भाषा, चालीरीती आणि बाजाराची रीत त्यांना अवगत होती. या गावच्या शाळेत शिकवणारे नैनसिंग रावत यांचा जन्म १८३० चा. श्लागिन्टवाइट बंधूंबरोबर त्यांनी पूर्वी काही काळ प्रवास केलेला होता आणि यंत्रांची तोंडओळखही तेव्हाच झाली होती. शिक्षक म्हणून लोक त्यांना ‘पंडित’ म्हणत. तेच पुढे सर्व गुप्त सर्वेक्षकांचे सामान्यनाम बनले. नैनसिंग आणि त्यांचे चुलतबंधू मणिसिंग हे दोघे १८६३ मध्ये डेहराडूनला दाखल झाले. वेतन दरमहा सोळा ते वीस रुपयांच्या घरात होते.

डेहराडून येथे जे शिक्षण झाले, त्याचे वर्णन करताना लेखक बहुधा वेषांतराच्या गमतींवर भर देतात. खरी गंमत पावलांत आहे. प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे, चढ असो, उतार असो की सपाटी असो, यासाठी या प्रौढ माणसांस सैनिकांप्रमाणे कवायत करावी लागली. पावलाची लांबी सुमारे साडेएकतीस इंच ठरविण्यात आली. म्हणजे साधारण दोन हजार पावलांचा एक मैल. कापडाच्या दुकानात नवख्या मुलास गज धरण्यास शिकविताना जी अडचण येते, तीच येथे होती. कापड किंचित ताणले तर गिऱ्हाईक बुडते, सैल सोडले तर मालक बुडतो, आणि दिवसभरात शंभर ठाण मोजताना हात पहिल्या ठाणाप्रमाणेच चालला पाहिजे. पंडितांना तर हे मोजमाप सतरा-अठरा हजार फूट उंचीच्या खिंडींत, विरळ हवेत धापा टाकीत, महिनेच्या महिने करावयाचे होते.

पावले मोजण्यासाठी साधन होते जपमाळेचे. आपल्याकडे जपमाळेत १०८ मणी असतात, तिबेटी बौद्धांच्या माळेतही तितकेच. पंडितांच्या माळेत मात्र १०० मणी होते. शंभर पावलांमागे एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे सुमारे पाच मैल. आठ मणी कमी आहेत हे कोणाच्या लक्षात येईल, अशी भीती नव्हती, कारण जप करणाऱ्याच्या हातातील मणी मोजून पाहण्याची बुद्धी कोणासही होत नाही. दुसऱ्या हातात असे प्रार्थनाचक्र. तिबेटी भाविक ते फिरवीत चालतो. त्याच्या पोकळ भागात मंत्र लिहिलेली कागदाची गुंडाळी असते. पंडितांच्या चक्रात कोऱ्या कागदाच्या पट्ट्या होत्या. त्यांवर दिवसभराची टिपणे होत. होकायंत्रही चक्रातच लपविले जाई. कोणी वाटसरू जवळ येऊ लागला, की पंडित चक्र गरगर फिरवून तोंडाने पुटपुटू लागत; जपात मग्न असलेल्या माणसाशी बोलू नये, हा शिष्टाचार सर्वांस ठाऊक असल्याने प्रश्नोत्तरे टळत. सीमेवरील तपासणीतही या पवित्र वस्तूस सहसा हात लावला जात नसे.

तथापि होकायंत्र आणि पावले यांवर केलेली मोजणी ही केवळ रोजकीर्द झाली. अमुक दिशेस इतकी पावले, मग वळण, मग तमुक दिशेस इतकी पावले, अशा नोंदींची बेरीज करीत गेल्यास प्रत्येक दिवसाची लहानशी चूक दुसऱ्या दिवसाच्या चुकीत मिसळते, आणि शेकडो मैलांनंतर प्रवासी कागदावर भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो. जमाखर्चाच्या वहीप्रमाणे येथेही ताळा हवा. तो आकाशातून मिळतो. मध्यान्हीचा सूर्य किंवा ठरावीक तारा क्षितिजापासून किती अंश उंच आहे हे मोजले, की त्या ठिकाणचा अक्षांश निघतो. हे मोजण्याचे यंत्र म्हणजे सेक्स्टंट. ते मुळात खलाशांचे. समुद्रावर क्षितिज सरळ व स्वच्छ दिसते, म्हणून खलाशास अडचण नसते. पण चहूबाजूंनी डोंगर असलेल्या प्रदेशात क्षितिज आणायचे कोठून? त्यासाठी पारा वापरीत. वाडग्यात ओतलेला पारा स्वतःहून पूर्ण सपाट होतो आणि आरशासारखा चमकतो. वर दिसणारा तारा आणि पाऱ्यातील त्याचे प्रतिबिंब यांमधील कोन सेक्स्टंटने मोजावयाचा व त्याचे निम्मे करावयाचे. तीच ताऱ्याची उंची. पंडितांनी हा पारा मेणाने बंद केलेल्या कवड्यांत भरून नेला आणि रात्री तो यात्रेकरूच्या नेहमीच्या लाकडी वाडग्यात ओतला. सेक्स्टंट पेटीच्या दुहेरी तळात लपलेला असे.

राहिली उंची. पाणी जसजसे उंचावर न्यावे, तसतसे ते कमी तापमानास उकळते. साधारण तीनशे मीटरमागे एक अंश सेल्सिअस एवढा फरक पडतो. यात्रेकरूच्या काठीच्या पोकळीत तापमापक दडविलेला होता. चहासाठी आधण ठेवावे, त्यात काठीतील तापमापक बुडवावा, आकडा लक्षात ठेवावा आणि मग चहा प्यावा, असा हा उंचीमापनाचा विधी. जो चहा इतरांस थंडीत ऊब देई, तोच पंडितांस आपण समुद्रसपाटीपासून किती उंचावर बसलो आहोत हे सांगे.

दोघे बंधू १८६५ च्या जानेवारीत डेहराडूनहून निघाले. नेपाळमार्गे तिबेटात शिरण्याचा पहिला प्रयत्न किरोंगच्या नाक्यावर फसला. तेथील अधिकाऱ्यास संशय आला व त्यांना माघारी फिरावे लागले. येथून वाटा वेगळ्या झाल्या. मणिसिंग पश्चिमेकडील दुसऱ्या मार्गाने गेले, परंतु त्यांना फारसे पुढे जाता आले नाही. नैनसिंगांनी लडाखी व्यापाऱ्याचा वेष घेतला, खोटी वेणी लावली आणि त्याच किरोंग मार्गाने पुन्हा प्रयत्न करून ते आत शिरले. शरद ऋतूत एक लडाखी काफिला ल्हासाकडे जाणारा भेटला, त्याच्या सोबतीने ते त्सांगपो नदीच्या काठाने पूर्वेस निघाले. काफिल्याबरोबर चालताना मोजणी अधिक कठीण होती. सोबती गप्पा मारणार, प्रश्न विचारणार, घोड्यावर बसण्याचा आग्रह करणार. आणि यांना मात्र मणी सरकवीत एकटे मागे राहायचे. शिगात्से येथे ताशिल्हुन्पो मठात पांचेन लामांच्या दर्शनास जाणे काफिल्यातील सर्वांप्रमाणे त्यांनाही भाग पडले. पांचेन लामांस मनुष्याच्या अंतःकरणातले दिसते अशी लोकसमजूत होती. पोटात एवढे गुपित बाळगून त्यांच्यासमोर मस्तक नमविताना पंडितांच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पण समोर बसलेले पांचेन लामा म्हणजे दहा-अकरा वर्षांचा एक बालक होता आणि त्याने नेहमीप्रमाणे आशीर्वाद देऊन त्यांना निरोप दिला.

१० जानेवारी १८६६ रोजी नैनसिंग ल्हासास पोहोचले आणि २१ एप्रिलपर्यंत तेथे राहिले. सराईच्या खिडकीतून अथवा गच्चीवरून, रात्री सर्वत्र सामसूम झाल्यावर, ताऱ्यांची निरीक्षणे चालत. ल्हासाचा अक्षांश २९ अंश ३९ कला असा निघाला. आज उपग्रहांच्या साहाय्याने मिळणारा आकडाही तोच आहे. एका कलेचे अंतर जमिनीवर मैलाहून थोडेसेच अधिक भरते, हे ध्यानात घेतले म्हणजे वाडग्यातल्या पाऱ्याची किंमत कळते.

या मुक्कामात पैसे संपत आले. तेव्हा नैनसिंगांनी जे केले, ते व्यापारी वाचकांस विशेष रुचेल. त्यांनी तेथील नेपाळी दुकानदारांना हिंदुस्थानी पद्धतीचा हिशेब शिकविण्याचे काम धरले आणि त्यावर पोट चालविले. शाळामास्तरकी परदेशातही उपयोगी पडली! पुढे दोन काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचे सोंग ओळखले. त्यांनी चुगली केली असती, तर शिक्षा ठरलेली होती. परवानगीवाचून ल्हासात आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात झालेला शिरच्छेद नैनसिंगांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. परंतु त्या व्यापाऱ्यांनी गुपित तर राखलेच, शिवाय घड्याळ तारण ठेवून घेऊन थोडे कर्जही दिले. जात, धर्म, देश यांपलीकडे बाजारात एक विश्वास चालतो. त्याची नोंद सरकारी अहवालात राहिली, हे बरे झाले.

परतताना तोच लडाखी काफिला भेटला. त्सांगपोच्या काठाने पश्चिमेकडे चालत ते मानसरोवराच्या प्रदेशात आले. कैलासाचा हा परिसर हिंदू, बौद्ध, बोन या सर्वांस वंदनीय आहे, आणि जैन परंपरेतही भगवान ऋषभदेवांचे निर्वाणस्थान असलेले अष्टापद पुष्कळजण याच भागात मानतात. तेथून हिमालय ओलांडून ते स्वदेशी परतले आणि १८६६ सालच्या उत्तरार्धात डेहराडूनला हजर झाले. सुमारे १२०० मैलांची वाट, सुमारे पंचवीस लाख पावले. म्हणजे शंभर मण्यांची ती माळ अडीचशे वेळा फिरली असणार. एकतीस ठिकाणांचे अक्षांश आणि तेहतीस ठिकाणांच्या उंच्या त्यांच्या चक्रातील कागदांवर होत्या.

माँटगोमेरी यांनी आता त्या वहीचा ताळा घेतला. उत्तर-दक्षिण दिशेने गेलेल्या वाटेच्या दोन टोकांचे अक्षांश आकाशावरून ठाऊक होते. त्या दोहोंतील खरे अंतर गणिताने निघत होते. आणि तेच अंतर पंडितांच्या पावलांतही मोजलेले होते. दोन्ही आकडे शेजारी मांडले, की प्रत्यक्ष पाऊल किती इंचांचे पडले हे कळते. चाल अत्यंत एकसारखी असल्याचे यातून सिद्ध झाले. पूर्व-पश्चिम अंतरासाठी मात्र असा ताळा उपलब्ध नव्हता, कारण त्यासाठी अचूक वेळ दाखविणारे घड्याळ महिनोन्महिने न बिघडता चालावे लागते. तेथे सर्व भिस्त पावलांवर होती. नकाशावर ल्हासाचे रेखांश हे मुख्यत्वे नैनसिंगांच्या पायांनी ठरविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे काम ज्ञानासाठी होते, तसेच साम्राज्यासाठीही होते. उत्तरेकडून रशिया सरकत होता आणि इंग्रज सरकारला हिमालयापलीकडच्या वाटा, ठाणी, फौजा व खाणी यांची माहिती हवी होती. तिबेटी लोकांनी विश्वासाने पाहुण्यास चहा दिला आणि पाहुण्याने त्यात तापमापक बुडविला, हे सत्य कोणत्याही पदकाने झाकले जात नाही. पुढे १९०३-०४ मध्ये यंगहजबंड यांची सशस्त्र मोहीम ल्हासावर गेली, तेव्हा तिबेटच्या दृष्टीने ही भीती अनाठायी नव्हती असेच दिसून आले. तरीही पंडितांच्या बाबतीत एक भेद करावा लागतो. वेष खोटा होता, नाव खोटे होते, माळ खोटी होती. परंतु मोजणी खरी होती. त्या निर्जन प्रदेशात त्यांच्यावर देखरेख करणारा कोणी नव्हता. थकव्याच्या दिवशी तंबूत बसून पाच हजार पावले अंदाजाने लिहिली असती, तरी डेहराडूनला त्या दिवशी कोणास कळले असते? मागाहून ताळा जुळला, तो म्हणूनच महत्त्वाचा.

नैनसिंगांचा दुसरा प्रवास १८६७ मध्ये पश्चिम तिबेटातील थोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींपर्यंत झाला. तिसरा आणि सर्वांत कठीण प्रवास जुलै १८७४ मध्ये लेहहून सुरू झाला. या खेपेस ते उत्तरेकडील उजाड पठारावरून, जेथे दिवसचे दिवस मनुष्य दिसत नाही अशा भागातून, मेंढ्यांच्या पाठीवर ओझी लादून पूर्वेस गेले. नोव्हेंबरात ल्हासा गाठले, परंतु ओळखले जाण्याच्या भीतीने दोनच दिवसांत तेथून निघावे लागले. तवांगमार्गे मार्च १८७५ मध्ये ते आसामात उदलगुडी येथे उतरले. प्रकृती ढासळली होती, दृष्टी अधू झाली होती. उरलेले दिवस त्यांनी नव्या पंडितांस शिकविण्यात घालविले. शाळामास्तर पुन्हा शाळामास्तरच झाले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८६८ मध्ये त्यांना सोन्याचे घड्याळ दिले होते, १८७७ मध्ये सुवर्णपदक दिले. भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले ते २००४ मध्ये.

त्यांच्याच रावत घराण्यातील किशनसिंग यांना सरकारी कागदांत ‘ए. के.’ म्हणत. कृष्ण या नावाची इंग्रजी आद्य आणि अंत्य अक्षरे उलटी करून हे सांकेतिक नाव बनविले होते. १८७८ मध्ये ते ल्हासाकडे निघाले, उत्तरेस जाणाऱ्या मंगोल काफिल्याची वाट पाहत तेथे वर्षभर थांबले व तेवढ्यात मंगोल भाषा शिकले. काफिला निघाला, वाटेत दरोडेखोरांनी त्यास लुटले. एका सेवकाने दगा देऊन उरलेसुरले घेऊन पळ काढला. चुम्बेल नावाचा एक सोबती मात्र अखेरपर्यंत राहिला. पोटासाठी त्यांना दुसऱ्यांची जनावरे राखावी लागली. अशा स्थितीत गोबीच्या वाळवंटाच्या कडेस असलेल्या तुनह्वांगपर्यंत ते पोहोचले आणि तेथे कित्येक महिने अडकून पडले. परतीच्या वाटेवर ज्यांच्याकडे चाकरी धरली, त्यांना चोरांचे भय असल्याने सर्वांनी घोड्यावर बसावे असा हुकूम झाला. आता पावले कशी मोजायची? किशनसिंगांनी घोड्याच्या पुढच्या उजव्या पायाची पावले मोजली! सुमारे २३० मैल त्यांनी असे मोजले आणि पुढे पडताळा घेता तेही विश्वसनीय ठरले. सर्व लुटले गेले तरी टिपणे आणि मोजणीची साधने त्यांनी सांभाळली होती. चार वर्षांनी, १८८२ च्या अखेरीस, ते दार्जिलिंगला परत आले. घरी त्यांचा एकुलता एक मुलगा दरम्यान वारला होता.

आता त्या निरक्षर माणसाविषयी. त्यांचे नाव किन्थुप, राहणारे सिक्कीमचे. तिबेटातून पूर्वेस वाहत जाऊन डोंगरांत अदृश्य होणारी त्सांगपो आणि आसामात उतरणारी ब्रह्मपुत्रा या दोन्ही एकच नद्या आहेत काय, हा त्या काळचा मोठा वादाचा विषय होता. मधल्या खोल घळईतून कोणासही जाता येत नव्हते. कॅप्टन हार्मन यांनी युक्ती काढली, की खूण केलेले पाचशे ओंडके त्सांगपोत सोडावे आणि आसामात नदीवर पहारा ठेवावा. येथे वाट शोधण्याचे साधन खुद्द नदीच होणार होती. हे काम १८८० मध्ये एका चिनी लामावर सोपविण्यात आले. किन्थुप त्याचे साहाय्यक म्हणून गेले. लामाने वाटेत पैसे उधळले आणि शेवटी किन्थुपांना एका तिबेटी अंमलदारास गुलाम म्हणून विकून तो निघून गेला.

किन्थुप निसटले. घराकडे जाण्याची वाट त्यांना मोकळी होती. परंतु ते घराकडे गेले नाहीत, नदीच्या काठाने पुढेच गेले. मागावर माणसे आली, तेव्हा त्यांनी मारपुंग येथील मठाच्या महंतांचे पाय धरले. महंतांनी पन्नास रुपये मोजून त्यांना विकत घेतले व चाकरीस ठेवले. काही महिन्यांनी यात्रेची रजा मागून किन्थुप जंगलात गेले, एकट्याने पाचशे ओंडके तोडले, बरोबर सांभाळलेल्या खुणेच्या नळ्या त्यांत बसविल्या आणि ते सर्व एका गुहेत दडवून ठेवले. पण ओंडके कोणत्या तारखेस सोडणार, हे हिंदुस्थानात कळविल्यावाचून पहारा कोण ठेवणार? म्हणून पुन्हा रजा काढून ते ल्हासास गेले, तेथे एका सिक्कीमी गृहस्थाकडून पत्र लिहून घेतले आणि ते दार्जिलिंगकडे रवाना केले. मग परत येऊन आणखी नऊ महिने महंतांची चाकरी केली. त्यांची ही भक्ती पाहून महंतांनी त्यांना मुक्त केले. पत्रात कळविलेल्या दिवसापासून रोज पन्नास याप्रमाणे दहा दिवस, पाचशेही ओंडके त्यांनी नदीत सोडले.

खाली आसामात कोणीही पाहत नव्हते. पत्र वेळेवर योग्य हाती पडलेच नाही. हार्मन आजारी पडून देश सोडून गेले होते आणि १८८३ मध्ये त्यांचा मृत्यूही झाला. ओंडके ब्रह्मपुत्रेतून वाहत बंगालच्या उपसागरास मिळाले असतील. चार वर्षांनंतर, १८८४ मध्ये, किन्थुप परत आले. लिहिता येत नसल्याने सर्व वृत्तांत त्यांनी आठवणीतून तोंडी सांगितला. गावे, वळणे, मठ, मुक्काम, अंतरे. तो दुसऱ्याने भाषांतर करून लिहून घेतला. पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. किन्थुप दार्जिलिंगला शिवणकाम करून पोट भरू लागले.

सुमारे तीस वर्षांनी, १९१३ मध्ये, बेली आणि मोर्सहेड हे दोन इंग्रज अधिकारी त्याच घळईच्या प्रदेशात गेले आणि त्सांगपो हीच पुढे ब्रह्मपुत्रा होते, याबद्दल शंका उरली नाही. किन्थुपांनी सांगितलेली वाट त्यांना पदोपदी खरी आढळली. एक मोठा धबधबा म्हणून अहवालात जे आले होते, तो मुख्य नदीवरचा नसून बाजूच्या ओढ्याचा निघाला. तोंडी वृत्तांत लिहून घेताना दोन ठिकाणांची सरमिसळ झाली होती. बेली यांनी परतल्यावर म्हाताऱ्या किन्थुपांना शोधून काढले, त्यांची भेट घेतली आणि त्यांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून सरकारकडे शब्द टाकला. निवृत्तिवेतन मंजूर केल्यास ते किती वर्षे द्यावे लागेल याचा नेम नाही, असा विचार सरकारने केला व त्याऐवजी एकरकमी हजार रुपये दिले. ते घेऊन किन्थुप दार्जिलिंगला गेले आणि थोड्याच महिन्यांत वारले.